धुळीत एटीव्हीचा दम वाढवायचाय : एअरबॉक्स काढावा की ठेवावा?

माणदेशी_डाळिंब :

नमस्कार मंडळी. म्हसवड आणि आटपाडीच्या मधल्या पट्ट्यात आमची डाळिंबाची बाग आहे. बागेच्या कामाला सेकंडहँड एटीव्ही (जाड टायरची, रानात चालणारी चारचाकी) घेतली आहे. २५० सीसी, फोर स्ट्रोक, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटर, पाच गिअर, मागे चेन. पाठीमागे छोटी ट्रॉली जोडतो, तिच्यात फवारणीच्या पाण्याची टाकी नाहीतर खताची पोती. गाडी फक्त आमच्या रानात फिरते, डांबरी रस्त्यावर नेत नाही.

सपाटीला काही तक्रार नाही. बागेतून वरच्या शेततळ्याकडे मुरमाची चढण आहे, तिथे भरल्या ट्रॉलीला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरते. पहिल्यात टाकली की चढते, पण इंजिन फार तापतं. आणि दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंत या वाटेवर घोट्याएवढा फुपाटा असतो.

गावातल्या दोघा-तिघांचं म्हणणं असं, की एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, पूर्ण काढ आणि कार्ब्युरेटरला थेट उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर लाव, गाडी उडेल. मला आवाज नको, ओढ हवी. आणि इंजिन टिकायला हवं. तेल्या रोगाची चाहूल लागली की फवारणी एक दिवस पुढे ढकलता येत नाही, त्या वेळी गाडी उभी राहून चालणार नाही. आपल्याकडच्या धुळीचा अनुभव असलेल्यांनी सांगावं, काय करू?

रॅप्टर_सांगलीकर :

दादा, मी काही वर्षं दुबईत नोकरीला होतो, तिथे यामाहा रॅप्टर ७०० चालवायचो. तिथे सगळेच एअरबॉक्सचं झाकण काढतात, वरून फोमचा फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि पेट्रोलचं प्रमाण बदलणारा फ्युएल कंट्रोलर. फरक पडतो, मी स्वतः चालवलं आहे. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. झाकण काढायला दहा मिनिटं लागतात. कोन फिल्टरपर्यंत जाऊ नका, पण झाकण नक्की काढून बघा.

कराड_गॅरेज :

रॅप्टरवाल्या भावांचा अनुभव खरा आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघाव्या लागतील.

पहिली, गाडी. रॅप्टर ७०० म्हणजे ६८६ सीसीचं एकच मोठं सिलिंडर, वरच्या आरपीएमला भरपूर हवा मागणारं, फ्युएल इंजेक्शनचं. तिथे झाकण, सायलेन्सर आणि कंट्रोलर हे तिन्ही एकत्र बदलतात. नुसतं झाकण काढलं तर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, वजनाने. पण सगळ्यात जास्त ताकद मिळते ती साडेबारा-तेराच्या आसपास, म्हणजे थोडं रिच, पेट्रोल जास्त असताना. नुसती हवा वाढवली की आपण ताकदीपासून लांब जातो आणि इंजिन तापतं. एअर-कूल्ड इंजिन, उन्हाळ्यातली ४० अंशांची दुपार, मागे भरली ट्रॉली, त्यात लीन मिक्श्चर. पिस्टन पकडायला आणखी काही लागत नाही.

दुसरी, धूळ. वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू जाड असते, बहुतेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा मोठे. ते फोममध्ये सहज अडकतात, नाहीतर आधीच खाली पडतात. आपला फुपाटा ट्रॅक्टरच्या चाकांनी दळलेला मुरूम आणि माती. त्यातले कण काही मायक्रॉनचे असतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. रिंग आणि सिलिंडरच्या मधली ऑइलची फिल्मही काही मायक्रॉनचीच. त्याच मापाचा कण त्या फटीत शिरला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतो. ढोबळ वाळू दिसते म्हणून तिची भीती वाटते, इंजिन खातो तो डोळ्याला न दिसणारा पिठासारखा भाग.

आता हिशोब करू. २५० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा श्वास घेतं. सिलिंडर ८० टक्के भरतो असं धरलं तर मिनिटाला ६०० लिटर हवा, तासाला ३६ घनमीटर. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात समोरचं दिसेनासं होतं, तेव्हा घनमीटरला जवळपास एक ग्रॅम धूळ असते. म्हणजे तशा हवेत तासभर चालवली तर फिल्टरच्या तोंडाशी ३६ ग्रॅम. ९९ टक्के अडवणारा फिल्टर असेल तर ०.३६ ग्रॅम आत जाईल. ९७ टक्केवाला असेल तर एक ग्रॅमच्या वर. खोक्यावर ९९ आणि ९७ सारखेच दिसतात, इंजिनच्या पोटात मात्र तिप्पट जातं. स्वस्तातले कोन फिल्टर किती टक्के अडवतात ते खोक्यावर लिहिलेलंच नसतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. माणदेशात एअरबॉक्स काढायचा नाही. ताकद दुसरीकडून काढू.

माणदेशी_डाळिंब :

कराडकर, हिशोब पटला. पण मग ताकद कुठून? फिल्टरमुळे गाडी गुदमरत असेल ही शंका अजून डोक्यातून जात नाही. फोमचा फिल्टर आहे, मूळचाच.

जेट_नीडल :

शंका असेल तर मोजा. खर्च पन्नास-शंभर रुपये.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, तीन-चार मीटर. एअरबॉक्समध्ये फिल्टरच्या पुढे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाजूला, बारीक भोक पाडून नळीचं एक टोक सीलबंद बसवा. भोक पाडताना बॉक्स उतरवून घ्या, प्लास्टिकचा कीस आत राहायला नको. नळीचा यू करून एका लाकडी पट्टीवर उभा बांधा, त्यात रंगीत पाणी अर्धं भरा, दुसरं टोक उघडं. पाण्यापासून गाडीपर्यंतची नळी मीटरभर तरी वर चढलेली हवी, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. एका सिलिंडरच्या गाडीत पाणी फार नाचतं, म्हणून मध्ये सलाइनच्या सेटवरची चाकाची क्लिप बसवून नळी जवळपास बंद करा. पाणी शांत होईल आणि सरासरी वाचता येईल.

पट्टी ट्रॉलीत उभी धरायला एक माणूस बसवा. चढणीला फुल थ्रॉटल, दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक बघायचा.

या फरकाचा अर्थ सोपा आहे. आपल्याकडे ५००-५५० मीटर उंचीवर हवेचा एकूण दाब पाण्याच्या पावणेदहा मीटर स्तंभाएवढा. म्हणजे १० सेंटिमीटर फरक आला तर फिल्टर आणि बॉक्स मिळून एक टक्का हवा अडवतात. फिल्टर पूर्ण काढून फेकला तरी त्याच्यापेक्षा फार काही मिळणार नाही. आधी आहे तसा मोजा, मग धुऊन मोजा. सरासरी वाचनात प्रत्येक श्वासाचा झटका दिसत नाही, त्यामुळे हे अगदी प्रयोगशाळेतलं माप नाही, पण निर्णयाला पुरतं.

आणि हे करायच्या आधी कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. सेकंडहँड गाडी आहे. रिंगा गेल्या असतील तर हवेचा रस्ता कितीही रुंद करा, उपयोग नाही. व्हॉल्व्ह क्लिअरन्सही बघा. इनटेकचा क्लिअरन्स परत परत कमी होत असेल तर आधीच्या मालकाच्या हातून धूळ आत गेलेली आहे, व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे.

विट्याचा_मिस्त्री :

मी ट्रॅक्टरचं काम करतो, एटीव्ही दोन-चारच हाताखालून गेल्यात. पण धूळ ती धूळच. एक सांगतो दादा, फिल्टर कितीबी भारी असू द्या, फिल्टरच्या बाजूनं धूळ जाते ती जास्त. बॉक्स आणि कार्ब्युरेटरमधला रबरी बूट चिरलेला असतो, क्लॅम्प ढिला असतो, फोमची कड बसकीवर नीट बसत नाही. माणूस फिल्टर बदलत बसतो आणि फटीकडं बघत न्हाई.

आमची साधी पद्धत. फिल्टर काढायचा, इनटेकच्या पायपात आतल्या बाजूनं बोटानं ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, फिल्टर बसवून दिवसभर गाडी कामाला लावायची. संध्याकाळी बोट फिरवून चिमटीत चोळायचं. खरखर लागली तर धूळ शिरतीया. कुठनं, ते ग्रीसवरच्या रेघेवरनं कळतं. एकाच बाजूला काळी रेघ असंल तर त्या बाजूची कड. सगळीकडं सारखी असंल तर फिल्टरच पाजरतोय.

फोम बसवताना कडेला ग्रीसची बारीक वात द्या, सगळ्या गोलाईला. बूट चिरला असंल तर एम-सील लावू नका, नवा घाला. व्हायब्रेशननं एम-सील सुटतं आणि तुकडा थेट कार्ब्युरेटरात जातो.

गिरणी_कॉर्नर :

मिस्त्रीकाका, ट्रॅक्टरवर तो वरचा प्री-क्लीनर असतो ना, काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या भांड्याचा, ज्यात धूळ गोळा होते. तो एटीव्हीला बसवला तर? आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरचा पडून आहे. आणि ऑइल बाथवाला एअर क्लीनर?

विट्याचा_मिस्त्री :

ऑइल बाथ नको. ट्रॅक्टर सरळ चालतो, ही गाडी वाकडीतिकडी होणार. तेल हिंदकळून वर जाईल. ते घरचं इंजिन जागच्या जागी चालतं तिथं ठीक. प्री-क्लीनरचं कराडकरच सांगतील, मला त्यातलं गणित येत न्हाई, पण छोट्या इंजिनावर तो धूळ धरत न्हाई एवढं बघितलंय.

कराड_गॅरेज :

काकांनी बघितलं ते बरोबर आहे, कारण असं. त्या भांड्यात तिरप्या पात्या असतात, हवा गोल फिरते आणि जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात. फेकण्याची ताकद हवेच्या वेगाच्या वर्गावर ठरते. तीन सिलिंडरचा २७०० सीसीचा ट्रॅक्टर २००० आरपीएमला मिनिटाला २३०० लिटरच्या आसपास हवा घेतो. आपली एटीव्ही ६००. म्हणजे त्याच भांड्यात हवेचा वेग चौथा हिस्सा आणि धूळ फेकायची ताकद सोळावा हिस्सा. धूळ तरंगत तरंगत सरळ आत येईल. प्री-क्लीनर लावायचा तर आपल्या हवेच्या मापाचा, लहान. पॉवर टिलरच्या इंजिनावरचे मिळतात ते मापाला जवळ येतात. आधी नळीवर मोजा, लावल्यावर पुन्हा मोजा, फरक फार वाढला तर काढून टाका.

लाल_माती_पाचगणी :

आमचा महाबळेश्वर रस्त्याला एटीव्हीचा ट्रॅक आहे, पर्यटकांसाठी. इकडे जांभ्याची लाल धूळ. ती फोमला घट्ट चिकटते आणि धुताना पाणी किती वेळ लालच येत राहतं. म्हणून फिल्टर धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे अर्धी ताकद वाचते असं माझं ठाम मत आहे.

फोम पेट्रोलमध्ये धुऊ नका. त्याचा डिंक सुटतो, जोड उघडतात, आणि ते धोक्याचंही आहे. केरोसीन किंवा डिझेलमध्ये दाबून दाबून जुनं तेल काढा. पिळायचा नाही, पिळला की आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल्या फोमवर तेल बसत नाही.

मग तेल. बरेच जण इंजिन ऑइल टाकतात. ते गरम झालं की खाली उतरतं, फोमचा वरचा भाग कोरडा पडतो आणि कोरडा फोम बारीक धूळ अजिबात धरत नाही. फोम फिल्टरचं चिकट तेल वेगळं मिळतं. त्यात पातळ करणारं द्रव्य असतं, ते उडून गेलं की मागे चिकट थर राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत फोम आणि तेल घालून बाहेरून मळा, सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे. जास्तीचं दाबून काढा. थोडा वेळ तसाच ठेवा, मगच बसवा. आम्ही प्रत्येक गाडीला दोन फोम ठेवतो. एक गाडीत, एक धुऊन, तेल लावून पिशवीत बांधलेला. सीझनला रोज संध्याकाळी अदलाबदल. गडबड असली तरी चुकवत नाही.

कागदी फिल्टर असेल तर हा सगळा प्रकार करायचा नाही. त्याला पाणी नाही, तेल नाही, आणि कॉम्प्रेसरची जोरात हवाही नाही. कागदाला न दिसणारी भोकं पडतात. बदलायचाच.

अजून एक. आमच्या ट्रॅकवर गाड्या रांगेत सुटतात आणि मागची गाडी पुढचीची धूळ खाते. आम्ही अंतर वाढवलं, सकाळी टँकरने पाणी मारायला लागलो. कोणत्याही फिल्टरपेक्षा त्याने जास्त फरक पडला. माणदेशी दादा, तुमच्या चढणीच्या वाटेला ड्रिपची एक जुनी लाइन सोडता आली तर बघा. रात्री अर्धा तास ओल दिली तरी सकाळची फवारणी विनाधुळीची होईल. पाणी तुमच्याकडे किती मोलाचं आहे ते माहीत आहे, म्हणून फक्त त्या चढणीपुरतं म्हणतोय.

रॅप्टर_सांगलीकर :

चर्चा वाचून एक गोष्ट मान्य करतो, वाळवंटातली वाळू आणि आपला मुरूम एक नाही. पण एअरबॉक्सचं तोंड अरुंद असेल तर ते मोठं करायला काय हरकत? फिल्टर आणि झाकण जागेवरच. आणि झाकण काढलंच तर फोमवर पाणी झटकणारं जाळीदार कापडी कव्हर मिळतं ते चढवायचं. माझ्या गाडीवर होतं, फिल्टर बराच वेळ स्वच्छ राहायचा.

गिरणी_कॉर्नर :

कव्हरच्या ऐवजी जुन्या नायलॉन साडीचा तुकडा चालेल का? आमच्यात मळणी यंत्राच्या इंजिनाला बांधतात.

कराड_गॅरेज :

कापड फिल्टरला चिकटून बांधलं तर दोन्हींचं क्षेत्रफळ एकच होतं, कापड भरलं की फिल्टर भरल्यासारखंच. मध्ये बोटभर अंतर राहील असा तारेचा पिंजरा करून त्यावर ताणलं तर उपयोग होतो. धागे सुटलेले नकोत, कडा शिवून घ्या. आणि हे फिल्टरच्या बाहेर, आत कधीच नाही.

तोंडाचा मुद्दा मात्र रॅप्टरवाल्या भावांनी योग्य काढला. इथेच खरं काम आहे. बॉक्स तसाच ठेवून हवा घ्यायची जागा बदलायची.

बऱ्याच स्वस्त २५० गाड्यांत बॉक्सचं तोंड सीटखाली, मागच्या चाकांच्या वर उघडतं. चाकं उडवतात ती सगळी धूळ तिथेच. शिवाय इंजिनाची गरम हवाही तिथेच घुटमळते. बाहेर ३८ अंश असताना सीटखाली ६० अंशांची हवा ओढली तर ती साडेसहा टक्क्यांनी विरळ असते. फिल्टरमुळे एक टक्का जातो की नाही यावर आपण भांडतोय, आणि इथे गरम हवेत साडेसहा टक्के चालले आहेत.

तोंड पुढे आणि वर न्या. हँडलच्या जवळ, टाकीच्या पुढे. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच कामाच्या एटीव्हींत हवा तिथूनच घेतात, मूळ हेतू पाणी टाळण्याचा, पण धुळीलाही तेच लागू. धूळ जमिनीलगत दाट असते, मीटरभर वर खूप कमी.

पाइप तुमच्याकडे बागेतच असेल, ५० किंवा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी. आतला व्यास कार्ब्युरेटरच्या तोंडापेक्षा बऱ्यापैकी मोठा हवा. तीसचं तोंड असेल तर पन्नासचा पाइप निवांत पुरतो. काटकोनी एल्बो टाळा, दोन पंचेचाळीसचे घाला. व्हॅक्युम क्लीनरची घड्यांची नळी वापरू नका, आत हवा घुसळते आणि चिरतेही लवकर. वळणाला रेडिएटरच्या होजचा तुकडा आणि दोन्हीकडे चांगले क्लॅम्प. सायलेन्सरच्या बेंडपासून चार बोटं लांब, पीव्हीसी मऊ पडतं. कापलेल्या पाइपचा कीस पाण्याने धुऊन, वाळवूनच बसवा. वरचं तोंड पुढे करू नका, मागे किंवा खाली वळवा. पुढे केलं तर किडे आणि पालापाचोळा सरळ आत.

जेट_नीडल :

हे झाल्यावर कार्ब्युरेटर बघावाच लागेल, म्हणून लिहितो. थंड हवा घट्ट असते, म्हणजे मिक्श्चर किंचित लीन होणार.

या गाड्यांत बहुतेक सीव्ही कार्ब्युरेटर असतो. त्यातली स्लाइड थ्रॉटलची केबल उचलत नाही, दाबातला फरक उचलतो. डायफ्रॅमच्या खालच्या बाजूला एअरबॉक्सकडचा शांत दाब हवा असतो. बॉक्स काढून कोन लावला की तो दाब वाऱ्यावर आणि धक्क्यांवर हलतो, स्लाइड फडफडते आणि मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते. बऱ्याच जणांना वाटतं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) चुकला. जेट बरोबर असतो, हवा अस्वस्थ असते. बॉक्स ठेवण्याचं हे दुसरं कारण.

मेन जेट एक पायरी मोठा घेऊन सुरुवात करा, आहे त्याच्यापेक्षा खाली कधी नाही. फुल थ्रॉटलला चढण चढवा, वर पोचताच क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर अजून लीन, काळी काजळी असेल तर रिच, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. मधल्या थ्रॉटलसाठी स्लाइडमधल्या नीडलची क्लिप. क्लिप एक खाच खाली नेली की नीडल वर येते आणि मिक्श्चर रिच होतं. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फट-फट करत असेल तर पायलट, म्हणजे कमी थ्रॉटलचा जेट, लीन आहे, किंवा कुठेतरी हवा चोरून शिरते. मिस्त्रीकाकांची ग्रीसची परीक्षा आधी, जेट नंतर.

लाल_माती_पाचगणी :

जेटवरून आठवलं. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, वाई सातशेच्या आसपास. हवेची घनता पाच-सहा टक्क्यांनी बदलते. आमच्याकडे लावलेली गाडी खाली नेली की लीन होते. कुणी घाटावरून सेकंडहँड एटीव्ही माणदेशात नेत असेल तर मेन जेट कुठला आहे ते आधी बघावं. दादा, तुमची गाडी कुठली?

माणदेशी_डाळिंब :

महाबळेश्वरच्या बाजूचीच घेतली आहे! हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आत्तापर्यंतचं सांगतो. कॉम्प्रेशन ठीक निघालं. नळी लावून मोजलं. फिल्टर आहे तसा असताना चढणीला फरक तीस सेंटिमीटरच्या पुढे गेला. पाचगणीकरांच्या पद्धतीने धुऊन, तेल लावून बसवल्यावर आठ-नऊ सेंटिमीटर. म्हणजे स्वच्छ फिल्टर एक टक्कासुद्धा अडवत नाही, आणि मळका तीन टक्के अडवत होता. कोन फिल्टरचा विषय माझ्यापुरता इथे संपला. ग्रीसच्या परीक्षेत बुटाच्या खालच्या बाजूला काळी रेघ आली, बूट तडकला होता. नवा मागवला आहे, तोवर गाडी बंद.

आता पाइप वर न्यायचा आणि जेट बघायचा. एवढं करून भरल्या ट्रॉलीला दुसऱ्या गिअरमध्ये चढेल का?

विट्याचा_मिस्त्री :

दादा, खरं सांगू का, तुमचं दुखणं निम्मं इंजिनात न्हाईच. चेनची गाडी आहे ना? पुढचं स्प्रॉकेट किती दाती आहे ते मोजा. आणि मागचे टायर मूळ मापाचे हायती का बघा. मोठे टायर घातले असतील तर ओढ तिथंच गेली.

माणदेशी_डाळिंब :

पुढचं १३ दाती. टायर मूळ मापाचेच आहेत.

विट्याचा_मिस्त्री :

१२ चं घाला. १३ ला १२ नं भागा, मागच्या चाकावर आठ टक्क्यांच्या वर ओढ वाढली. वरचा वेग तेवढाच कमी होईल, तो तुम्हाला बागेत लागतोय कुठं? पेट्रोल न्हाई, धूळ न्हाई, तापणं न्हाई. चेन जुनी असंल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, जुन्या चेनवर नवं चाक लवकर खातं. १२ च्या खाली जाऊ नका, चेन फार वळती आणि स्विंग आर्मवर घासती.

रॅप्टर_सांगलीकर :

काका, हे एकदम बरोबर. खेळाच्या गाडीला हॉर्सपॉवर लागते, कामाच्या गाडीला गिअरिंग. माझा सल्ला खेळाच्या गाडीचा होता.

वर कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. रविवारी फिरायला गाडी नेणाऱ्यांनी कासच्या पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर चाकं घालू नका. तिथल्या मातीचा थर बोटभर असतो आणि फुलं त्याच थरावर येतात. २०१२ पासून तो जागतिक वारशाचा भाग आहे. मोकळ्या इनटेकचा आवाज तिथे दूरवर जातो.

कोयना_काठ :

सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी बेल्टवर चालणाऱ्या गाड्यांसाठी एक पुरवणी. बेल्ट थंड ठेवायला त्या बॉक्सलाही वेगळी हवा येते आणि तिचं तोंडही बरेचदा खालीच असतं. धूळ शिरली की बेल्ट घसरतो, चकाकतो, आणि लोक इनटेक उघडत बसतात. चढणीला आरपीएम वाढतं पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर आधी बेल्ट बघा. तिथल्या वाहिनीलाही जाळीचा फोम बसतो, फक्त तो फार दाट नको, बेल्ट तापेल.

माणदेशी_डाळिंब :

सगळ्यांचे मनापासून आभार. बूट नवा, पाइप हँडलपर्यंत वर, पुढे १२ दाती स्प्रॉकेट. मेन जेट उघडून बघितला, पाचगणीकर म्हणाले तसाच होता, मूळ मापापेक्षा लहान घातलेला. मूळच्या मापापेक्षा एक पायरी मोठा घातला, प्लग विटकरी येतोय. भरल्या ट्रॉलीला दुसऱ्या गिअरमध्ये चढण चढते, तिसऱ्यात चढत नाही, आणि त्याची गरजही नाही. नवा बूट बसवल्यावर पुन्हा ग्रीसचा हात फिरवला होता, खरखर नाही. एअरबॉक्स, झाकण सगळं जागेवर.

चढणीच्या वाटेला ड्रिपची जुनी लॅटरल अंथरली आहे. फवारणीच्या आदल्या रात्रीच पाणी सोडतो.

एकच प्रश्न राहिला. पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस शेडमध्ये उभी असते. पाइपचं तोंड उघडं ठेवायचं की बूच लावायचं?

विट्याचा_मिस्त्री :

उघडं ठेवू नका. कुंभारमाशी आठवड्यात मातीचं घर करती आत, आणि उंदीर फोम कुरतडतो. पण बूचबी लावू नका. कोण तरी बूच न काढता स्टार्टर मारत बसतंय. तोंडावर तीन-चार मिलिमीटरची तारेची जाळी क्लॅम्पनं बसवा, जाळी फुगीर ठेवा म्हणजे हवेला जागा कमी पडत न्हाई. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करायच्या आधी बॉक्स उघडून फोमला हात लावून बघा. चिकट लागला तर ठीक, कोरडा लागला तर धुऊन नवं तेल.